चिठ्ठी बदलून मिळणार नाही

मी मराठीची शिक्षिका आहे आणि मला निबंध लिहिता येत नाही. हसा खुशाल. हे कबूल करायला माझी अर्धी नोकरी गेली, त्यामुळं आता कुणी हसलं तर मला काही वाटत नाही.

सातारला शाळेत होते तेव्हा निबंध म्हटलं की माझाच पहिला नंबर. तेव्हा स्पर्धेचे विषय आठवडाभर आधी सांगायचे. मी घरी येऊन आईला सांगायचे आणि आई निबंध लिहायची. भाकरी थापता थापता तिचं मनात जुळवणं चाललेलं असायचं. भाकरी तव्यावर पडली की हात पदराला पुसून, कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागं दोन ओळी लिहायची, की भाकरी उलटायला हजर. निबंध तयार व्हायचा तोवर पानावर पिठाची बोटं उमटलेली असायची आणि एखादी भाकरी करपलेली असायची. मी तो निबंध रात्रीत पाठ करायचे आणि स्पर्धेत जाऊन उतरवून यायचे. बक्षिसं सगळी स्टीलची. पेले, ताटल्या, झाकणाचे डबे, आणि प्रत्येकावर माझं नाव कोरलेलं. आईच्या स्वयंपाकघरात आजही फळीवर ती ओळीनं लावलेली आहेत.

आई स्वतः सातवी शिकलेली. तिचं माहेर माणदेशातलं. शाळा का सुटली म्हणून विचारलं की "सुटली म्हणजे सुटली" एवढंच म्हणायची आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायची. मग आम्ही विचारायचं सोडून दिलं.

तर अशी मी, डीएड, बीए, बीएड करून, मराठीची बाई झाले आणि फिरत फिरत जत तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कूलवर येऊन पडले. इकडं अर्धी मुलं घरी कानडी बोलतात, अर्धी मराठी, आणि पेपरात सगळीच्या सगळी गाइडची भाषा बोलतात. पहिल्याच चाचणीत मी नववीला 'माझे गाव' हा विषय दिला. बेचाळीस पेपर. बेचाळीस गावांजवळून नदी झुळझुळ वाहत होती. अहो, या गावात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरनं येतं! एका बहाद्दरानं तर लिहिलं होतं : "माझे गाव (येथे आपल्या गावाचे नाव लिहावे) फार सुंदर आहे." कंसासकट. वर अक्षर मोत्यासारखं.

माझं डोकं असं सणकलं की मी पेपरांचा गठ्ठा टेबलावर आपटला. "लाज नाही वाटत दुसऱ्याचं लिहायला?" असं ओरडले आणि ओरडता ओरडताच माझी जीभ अडखळली. लाज कुणाला वाटायला पाहिजे होती, ते माझं मला माहीत होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सातारहून आणलेल्या कंदी पेढ्यांचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा वर्गात नेला. त्यात पन्नास चिठ्ठ्या. गाइडात शोधून सापडणार नाहीत असे विषय मी रात्री बसून काढले होते : टाचणी, आमच्या दारातला दगड, मी खोटं बोललो तेव्हा, वडिलांचे हात, टँकर, दुपारी दोन वाजता, कुलूप. प्रत्येकानं यायचं, डोळे मिटून हात घालायचा, निघेल त्या विषयावर तिथंच बसून पंचवीस ओळी लिहायच्या. फळ्यावर मी मोठ्या अक्षरात नियम लिहिला : चिठ्ठी बदलून मिळणार नाही.

वर्गात रडारड सुरू झाली. 'टाचणी' निघालेली पोरगी हमसून हमसून रडली. "मॅडम, टाचणीचं काय लिवायचं?" मी म्हटलं, "मला काय माहीत, तुला टोचली असेल ते लिही." तिनं मग अशी टोचलेली टाचणी लिहिली की मला वाचताना अंगठा चोळावासा वाटला. मी खूश झाले. म्हटलं, जमलं गं बाई!

कसलं जमतंय. तिसऱ्या दिवशी शाळा समितीचे अध्यक्ष फटफटीवरून आले. डाळिंबाची बाग, गावात स्वतःचं पॅनेल, बोलणं कायम सभेत असल्यासारखं. त्यांच्या मुलाला चिठ्ठी निघाली होती 'मी खोटं बोललो तेव्हा'.

"मॅडम, माझं पोरगं खोटं बोलतंय असं तुमाला कुणी सांगितलं?"

"अहो, कुणी नाही. चिठ्ठी निघाली ती."

"आमच्यात खोटं निघालं, अन् त्येंच्या पोरीला काय निघालं? वडिलांचं हात!" त्यांच्या म्हणजे विरोधी पॅनेलवाल्यांच्या. "ती पोरगी गावभर वाचून दाखवतीया, माज्या बापाचं हात लय राबत्यात म्हणून. आवं, निवडणूक तोंडावर हाय. ही चिठ्ठी साधी न्हाई."

मला आधी वाटलं थट्टा करतायत. पण या भागात चिठ्ठी म्हटलं की माणूस एकच गोष्ट धरतो. सरपंचपद यंदा कुणासाठी राखीव, ते तालुक्याला चिठ्ठ्या काढून ठरतं, त्याला सोडत म्हणतात. त्या सोडतीनं कित्येकांची पाच पाच वर्षांची तयारी एका मिनिटात मातीत घातलेली. त्यामुळं इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा सोडतीचे कायदे तोंडपाठ. माझा पेढ्यांचा डबा गावानं सोडतीच्या मापानंच मोजायला घेतला.

आठवड्यात मुख्याध्यापकांकडं चार लेखी हरकती आल्या. एक : डबा पुठ्ठ्याचा आहे, आतलं दिसत नाही, पारदर्शक बरणी पाहिजे. दोन : काही चिठ्ठ्यांना दोन घड्या, काहींना तीन. तीन : एका वाडीच्या मुलांना सलग दोनदा निर्जीव वस्तू आल्या, यापुढं विषय वाडीवार फिरते ठेवावेत. चौथी हरकत मला अजून पाठ आहे : "सदर विद्यार्थिनीस 'कुलूप' हा विषय आल्याने घरातील वातावरण बिघडले असून फेरसोडत घ्यावी." त्या घरात सासूसुनेचं किल्लीवरून वाजलेलं होतं आणि पोरीनं ते सगळं पंचवीस ओळींत व्यवस्थित मांडलं होतं.

आमचे मुख्याध्यापक भला माणूस. त्यांना वाद म्हटला की पित्त उठतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं चूक नाही. पण बरोबर असून त्रासच होणार असेल तर गाइड काय वाईट?"

"सर, गाइड आणलंत तर मी बदली मागेन."

"बदलीची पण चिठ्ठीच काढतील," ते म्हणाले आणि गोळी घेतली.

शेवटी शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समितीची बैठक बसली. विषय एकच : डबा ठेवायचा की बंद करायचा. अध्यक्ष होते, विरोधी पॅनेलवाले होते, आणि एक म्हातारे मेंढपाळ होते. ते वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन कृष्णाकाठाकडं असायचे, समितीत त्यांचं नाव कधी घातलं गेलं ते त्यांनाही आठवत नव्हतं. पोरं खिडक्यांना लटकलेली. टाचणीवाली सगळ्यात पुढं.

मी पोटतिडकीनं बोलले. म्हटलं, पोरांना स्वतःचं लिहिता येतंय, कसंही असो, स्वतःचं आहे, हे वाचून बघा. माझ्या आवाजाला मीच भुलले होते. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, लय चांगलं बोलला. मग आसं करू. पोरांना जे सांगताय ते तुमी करून दावा. आमी विषय घालतो, तुमी चिठ्ठी काढा आन् हितंच बसून लिव्हा. तुमाला जमलं तर डबा ऱ्हाईल. न्हाई जमलं तर सोमवारपास्नं गाइड."

"व्हय व्हय!" पहिल्यांदाच दोन्ही पॅनेलं एका मतानं ओरडली.

डबा आणल्यापासून मी त्यात स्वतःसाठी एकदाही हात घातला नव्हता. कारण हात घातला असता तर बाहेर काय आलं असतं ते मला ठाऊक होतं. कोरा कागद.

पण पोरं बघत होती. म्हटलं, "काढते."

मग दुकानातनं खाऊच्या गोळ्यांची काचेची बरणी रिकामी करून आली. प्रत्येक सदस्यानं एक विषय दिला. मेंढपाळआज्जांना लिहिता येत नव्हतं, त्यांनी तोंडी सांगितला, मुख्याध्यापकांनी लिहून घेतला. सगळ्या चिठ्ठ्या एकाच मापाच्या, तीन घड्यांच्या, सर्वांना दाखवून आत टाकल्या. त्यावर अध्यक्षांनी बरणीत हात घालून एकेक चिठ्ठी गालाला लावून पाहिली. मी विचारलं हे काय, तर म्हणाले, "कुटं कुटं चिठ्ठी फ्रीजमदी ठेवत्यात. गार लागली की वळखू येती." बाहेर ऊन असं की पंखासुद्धा गरम वारा मारत होता, आणि हा माणूस चिठ्ठी गार आहे का बघतोय!

मी डोळे मिटून चिठ्ठी काढली. उघडली. "आपलं मेंढरू कसं वळखायचं."

आज्जांनी फेटा सारखा केला. बाकीच्यांचे चेहरे पडले. मी सातारच्या पेठेत वाढलेली. मेंढरू मी बघितलेलं ते एसटीच्या खिडकीतनं, रस्ता अडवून उभं असलेलं.

वेळ एक तास. पहिली वीस मिनिटं मी कागदाकडं बघत बसले. मुख्याध्यापक चहा ठेवायच्या निमित्तानं वाकले आणि हळूच म्हणाले, "'मेंढी हा एक उपयुक्त प्राणी आहे', असं सुरू करा." आणि शपथेवर सांगते, मी ते लिहिलं! माझ्या हातानं ते आपोआप लिहिलं. मग इतकी लाज वाटली की त्यावर काट मारली, काट दिसते म्हणून परत गिरवली, आणि कागदावर एक काळा ठिपका घेऊन बसले.

मग मी जे केलं ते सांगायची खरं तर इच्छा नाही. "पाणी पिऊन येते" म्हणून उठले, पर्स घेतली, बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि आईला फोन लावला.

"आई, मेंढरू कसं ओळखायचं यावर निबंध आहे. पटकन."

आईनं का, कुणाला, कशाला, काही म्हणजे काही विचारलं नाही. तिकडं कुकरची शिट्टी झाली आणि त्यातच तिनं सुरू केलं, "लिही. कळपात शेकडो मेंढ्या असल्या तरी धन्याच्या डोळ्यांना आपली मेंढी बरोब्बर सापडते. पूर्णविराम. जशी आईला…"

मी मनगटावर पेन टेकवलं होतं. 'कळपात' एवढं लिहूनही झालं होतं. बाहेर कुठलीशी पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम आत काय करत्यात गं?" आणि मला एकदम रडूच आलं.

"आई, थांब. नको. सांगू नकोस."

"का गं? चुकलं का काय?"

"चुकलं नाही. पण नको."

ती म्हणाली, "मग फोन कशाला केलास?" आणि ठेवून दिला. तिला लागलं होतं, हे मला तिच्या फोन ठेवण्यावरनं कळलं. पण घड्याळ पळत होतं.

परत येऊन बसले आणि खरं तेच लिहिलं. मला मेंढरू ओळखता येत नाही, मला सगळी सारखीच दिसतात. मला वाक्यं ओळखता येतात. कुठलं गाइडचं, कुठलं मोठ्या भावाचं, कुठलं फोनला विचारून आणलेलं, हे मी चार शब्दांवरनं सांगते, कारण मी स्वतः दुसऱ्याची वाक्यं घालून मोठी झाले. माझ्या नावावरचे सगळे निबंध माझ्या आईचे आहेत. तिचं वाक्य मी हजारात ओळखीन. माझं वाक्य कसं असतं ते मला माहीत नाही, आज पहिल्यांदा बघते आहे. अकरा ओळी झाल्या आणि तास संपला.

उभं राहून वाचून दाखवलं. मला वाटलं, संपलं. डबा गेला, अब्रू गेली, आता नोकरीचं काय ते बघायचं.

मेंढपाळआज्जा बोलले. "बाई, आमीबी बघून न्हाई वळखत. दोनशे मेंढरं, बघून काय कळतंय? वराडली की वळखतो. आवाज ज्येचा त्येचाच आसतोय." आणि म्हणाले, "तुमी आत्ता वराडला. बराबर हाय."

माझ्या लेखनाचं इतकं चांगलं कौतुक अजून कुणी केलेलं नाही.

अध्यक्ष मात्र अध्यक्षच. "ते समदं खरं, पण मॅडम, पोरांना पंचवीस वळी आन् तुमी अकराच? आन् ह्यो काळा ठिपका कसला?" त्यावर अर्धा तास चर्चा होऊन मला दहापैकी सहा गुण देण्यात आले आणि इतिवृत्तात तशी नोंद झाली. डबा राहिला. फक्त पुठ्ठ्याच्या जागी काचेची बरणी, आणि वर्षातून एकदा मॅडमनीही चिठ्ठी काढायची, ही अट. बाहेर पडताना अध्यक्षांचा मुलगा वडिलांना म्हणत होता, "आप्पा, मी खोटं बोललो तवाचं लिव्हलेलं तुमी अजून वाचलंच न्हाई." अध्यक्ष म्हणाले, "गप चल की रं."

खोलीवर आल्यावर आईला फोन केला आणि अकराच्या अकरा ओळी वाचून दाखवल्या.

"किती दिले?" तिनं विचारलं.

"सहा."

"मी सांगितला असता तर नऊ पडले असते."

"हो. पण मग तुझे पडले असते, आणि नाव माझं लागलं असतं."

आई म्हणाली, आणि ती असं काही बोलल्याचं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, "ती बरणी तुझ्याकडं आहे ना? माझी एक चिठ्ठी काढ."

बरणी मी खोलीवरच आणली होती, पोरांच्या जुन्या चिठ्ठ्या पुन्हा तीत भरल्या होत्या. फोन स्पीकरवर टाकला, हात घातला, चिठ्ठी उघडली. "टँकर."

"टँकर?" आई म्हणाली. "टँकर नको. दुसरी काढ."

"बदलून मिळत नाही."

"अगं, आईला तरी…"

"आई, नियम आहे."

"मेला तुझा नियम!" म्हणाली आणि फोन ठेवला.

आठ दिवस काही नाही. मला वाटलं, चिडली. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत फोनवर फोटो यायला लागले. कॅलेंडरची पानं, मागची बाजू, तीच पिठाची बोटं. एक, दोन, पाच पानं. पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात, पोरं लिहितात तसं, तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं. माहेरचं. खाली दोन रेघा. त्याखाली : इयत्ता सातवी.

आईच्या गावी दुष्काळात टँकर यायचा तो नेमका शाळेच्या वेळेला. घरात थोरली ही. सकाळी अकराला हंडा घेऊन रांगेत उभं राहायचं काम हिचं. आधी आठवड्यातून दोन दिवस शाळा बुडायची, मग चार, मग एक दिवस गुरुजी टँकरपाशी येऊन विचारून गेले, मग तेही यायचे थांबले. "मला रांगेत नंबर धरायचा होता म्हणून वर्गातला नंबर गेला. रांगेत उभी असताना मी मनात निबंध लिहायची. पाणी यायला उशीर झाला की निबंध मोठा व्हायचा. लिहायला कागद नव्हता, म्हणून पाठ करून ठेवायची. पुढं ते सगळे मुलीला दिले." आणि शेवटी, "टँकर मागून गळत जायचा, ते बघून माझा जीव तुटायचा. विषय बदलून मागितला होता, मिळाला नाही. बरं झालं."

मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. मुख्याध्यापकांना वाटलं पाचवी हरकत आली. त्यांनी घाईनं गोळी काढली.

दिवाळीच्या सुट्टीत सातारला गेले. जाताना जतच्या बाजारात भांड्याच्या दुकानातनं एक स्टीलचा पेला घेतला आणि नाव कोरून मागितलं. तिनं लिहिलं होतं तसंच, माहेरचं, पूर्ण. खाली 'निबंध स्पर्धा, प्रथम क्रमांक'.

आईनं चष्मा लावून वाचलं. "स्पर्धेत किती जणं होती?"

"तू एकटीच."

"मग पहिला नंबर कसला आलाय डोंबलाचा!" म्हणाली. पण फळीवरचे माझे पेले तिनं मागं सरकवले. हा पेला विसळला, माठातनं काठोकाठ भरला. आमच्या घरी पाणी आधी आल्यागेल्याला देतात, म्हणून मी हात पुढं केला. आईनं माझ्याकडं बघितलं, पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी स्वतः प्यायली.